शालिनीबाईंचं माप

मंगळवारी सकाळी आम्ही दोघांनी मेथी निवडली. ती शेवटची. आधी कळलं असतं तर जरा सावकाश निवडली असती.

मेथी निवडायची आमच्या घरची तऱ्हा वेगळी. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराच्या दाराला हुकाचा एक जुना काटा टांगलेला आहे. बाजारातून आलेली जुडी आधी त्या काट्याला लागायची. मग पैज, की पान किती निघेल. मग निवडायला बसायचं, आणि पानं वेगळी, देठं वेगळी, मुळं आणि माती वेगळी, असं सगळं पुन्हा काट्याला. जगात आणखी कुणाच्या घरी मेथीची माती मोजत असतील तर मला नेऊन दाखवा.

"पाव किलोला थोडं कमी," बाई म्हणाल्या. "तुम्ही दीडपाव म्हणाला होता."

"मातीसकट म्हणालो होतो."

"मातीची भाजी करतात का तुमच्या गावाला?"

मग म्हणाल्या, "पाठ जरा टेकते. चहा दहा मिनिटांनी टाका." मी दहा मिनिटांनी टाकला. कप घेऊन आत गेलो तर बाई गेल्या होत्या. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले, म्हणाले, हृदय. मी म्हटलं, गेल्या हे मला दिसतंय, नवीन काही असेल तर सांगा. ते बिचारे दाखला लिहायला बसले. माझं बोलणं असंच आहे.

बायकोला बाई म्हणतो, अहोजाहो करतो, याला लोक हसतात. हसू देत. त्या मला ऑफिसात बाई म्हणून भेटल्या आणि शेवटपर्यंत बाईच राहिल्या. मी नामदेव, सातवी पास, शेतीच्या एका सरकारी संशोधन खात्यात जीपवर ड्रायव्हर. त्या शालिनीबाई, एम.एस्सी., शेतीचं अर्थशास्त्र. शेतकी कॉलेजात तेव्हा मुली नावालाच असायच्या, आणि ज्या असायच्या त्याही फळं-फुलं घ्यायच्या. हा विषय घेणाऱ्या वर्गात बाई एकट्या.

पहिल्या दिवशी खांद्याला पिशवी, काखेत चार खुंट्या आणि दोरीचं भेंडोळं घेऊन त्या जीपपाशी आल्या. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. म्हणाल्या, "ड्रायव्हर, तुमचं पाऊल किती इंचांचं आहे?"

मी म्हटलं, "चपलेसकट?"

त्या हसल्या. शेताची लांबी पावलांनी मोजतात म्हणून विचारलं होतं. मी मात्र महिनाभर चालताना स्वतःच्या पायांकडे बघत होतो.

त्यांचा विषय काय, हे मी एकदा गाडी चालवता चालवता विचारलं. म्हणाल्या, "शेतात काय पिकलं ते बाकीचे सांगतात. ते पिकून कुणाचं भलं झालं, ते आम्ही शोधायचं." मला एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं.

आता खुंटीचं सांगतो, कारण सगळं तिथून निघालं. काढणीच्या दिवसांत ज्वारीच्या शेतात जायचं. बाईंच्या पिशवीत आकड्यांचा एक तक्ता असायचा. त्या आकड्यांना कसलाच क्रम नाही. त्यातून आकडा काढायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून तितकी पावलं आत जायचं, आणि पाऊल थांबेल तिथं खुंटी ठोकायची. मग टेप आणि दोरी लावून दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा आखायचा. तेवढाच कापायचा, मळायचा, वजन करायचं. तुकडा काळ्या मातीत पडो नाहीतर खडकावर. बाई म्हणायच्या, "आपण जागा निवडली की आपला लोभ आला. आकड्याला लोभ नसतो."

त्या वर्षी ज्वारीचं एक नवीन बियाणं आलं होतं. आणलं होतं आमच्या सरदेसाई साहेबांनी. साहेब विभागप्रमुख, बाईंच्या पीएच.डी.चे मार्गदर्शकही तेच. बियाणं कसं निघालं हे बघायचं काम बाईंचं. ते निघालं वाईट. काळ्या रानात बरं होतं, मुरमाड रानात कणसं अंगठ्याएवढी. साहेबांना कळलं तसे ते एक दिवस स्वतः दौऱ्यावर आले. यादीतलं एकोणिसावं शेत कापणीला सगळ्यांत आधी आलं होतं, आणि तिथं खुंटी पडली नेमकी मुरमावर.

साहेब म्हणाले, "बाई, ही जागा घेऊ नका. पलीकडं विहिरीजवळ घ्या."

"साहेब, तक्त्यातला आकडा इथला आहे."

"आकड्याला शेत कळतं का?"

"नाही कळत. म्हणून तर आकडा घेतो ना साहेब."

साहेब बाईंशी पुढं बोललेच नाहीत. माझ्याकडे वळले. "नामदेव, उपट ती खुंटी."

मी उपटली.

लिहायचंच तर हे लपवून चालणार नाही. नोकरी कच्ची होती. साहेब म्हणजे साहेब. आणि मला वाटलं, एक खुंटी तर आहे. बारा पावलं विहिरीकडे गेलो आणि ठोकली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. भाव ऐकून माणूस न बोलता पुढच्या गाळ्यावर जातो, तसं बघितलं. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

साहेब सरपंचाकडे जेवायला गेले. बाई परत कोपऱ्यात गेल्या, परत पावलं टाकली आणि मुरमावर दुसरी खुंटी ठोकली. मला म्हणाल्या, "टेपचं एक टोक धरा. नुसतं धरायचंय. उपटायचं काही नाही." मी धरलं. भर उन्हात आम्ही दोन्ही तुकडे कापले. वहीत दोन्ही वजनं लिहिली. एकापुढे 'तक्त्याप्रमाणे', दुसऱ्यापुढे 'साहेबांच्या सांगण्यावरून'. जागा हलवायचा साहेबांचा हुकूम पुढच्या सगळ्या शेतांनाही होता. त्या हंगामात सव्वीस शेतं झाली, आणि सव्वीस वेळा बाईंनी असंच केलं. टेपचं दुसरं टोक सव्वीसही वेळा माझ्याकडे होतं.

पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं, नोंदणी कचेरीत. त्यांचे वडील पेठेतल्या शाळेत हेडमास्तर. त्यांनी दोन वर्षं दार उघडलं नाही. आई जरा हुशार होत्या. जावई काय करतो म्हणून कुणी विचारलं की सांगायच्या, "त्यांच्याकडे जीप असते." खोटं काय आहे त्यात?

अहवाल निघाला तो साहेबांच्या नावानं आणि साहेबांच्या आकड्यांनी. बियाणं उत्तम ठरलं. साहेब त्या अहवालावर वर चढले, परदेशी जाऊन आले, संचालक झाले. बाईंनी प्रबंध लिहिला तो मुरमावरच्या आकड्यांनी. मूळ प्रबंध इंग्रजीत, टंकलेखन केलेला, हिरव्या कापडी बांधणीचा. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय तो पुढं जात नाही. साहेबांनी तो ठेवून घेतला आणि सहा महिन्यांनी परत दिला, लाल शाईनं रंगवून. सव्वीस शेतं, सव्वीस शेरे. शेरे मराठीत. साहेबांना रागावताना इंग्रजी सुचत नसे. प्रत्येक शेऱ्याखाली आद्याक्षरं टाकलेली. कारकुनी सवय, दुसरं काय.

बाईंनी आकडे बदलले नाहीत. साहेबांनी सही केली नाही. मार्गदर्शक बदलून मागितला तर त्यालाही साहेबांचीच संमती लागत होती. अर्ज केले, भेटी घेतल्या, "जरा दमानं घ्या" असं ऐकून आल्या. नोंदणीची मुदत संपली. संपलं. बरोबरचे लोक सहसंचालक झाले, बँकेत मॅनेजर झाले, एक तर अमेरिकेत प्राध्यापक झाला. बाई ज्या खुर्चीवर लागल्या, जवळजवळ त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. अन्वेषक. म्हणजे शोधणारा. शोधलं ते कुणाला नको होतं.

आणि मी? मी त्यानंतर नऊ वर्षं साहेबांची गाडी चालवली. साहेब शेजारी बसायचे. मला काय करता येत होतं? मी एकच केलं. रस्त्यात खड्डा दिसला की साहेबांच्या बाजूचं चाक त्यात घालायचं. नेमून. एकही सोडला नाही. साहेबांना कमरेचा पट्टा लागला, त्याचं मला अजूनही समाधान आहे. बाईंना हे कळलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, गाडीचा स्प्रिंगपाटा तुटेल. गाडी सरकारची आहे." साहेबांच्या कमरेबद्दल मात्र काही बोलल्या नाहीत.

लोक म्हणतात, बाई क्षमाशील होत्या. कुणी सांगितलं? बाईंना सूड घ्यायला वेळ नव्हता, एवढंच. आम्हाला मूल झालं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवार सकाळ शेतकी कॉलेजातल्या पोरापोरींना देऊन टाकली. दोन खोल्यांत वीस-वीस जण बसायचे. शेतीचं अर्थशास्त्र, पर्यावरणाचं अर्थशास्त्र असं काहीबाही शिकलेली मुलं, हातात पदवी आणि पुढं काय ते माहीत नाही. घरचे विचारायचे, "कृषी शिकलास ना, मग कृषी अधिकारी कधी होणार?" ती सगळी बाईंकडे यायची. मी पोहे करायचो आणि दाराशी बसून ऐकायचो. ऐकून ऐकून मलाही सांगता यायला लागलं.

स्पर्धा परीक्षेवाल्याला त्या सांगायच्या, "तीन खेपा द्या. चौथी खेप म्हणजे व्यसन."

बँकेत शेती अधिकारी व्हायचं म्हणणाऱ्याला, "चांगली नोकरी आहे. बदली होईल, पगार वेळेवर होईल. मात्र म्हशीचा फोटो बघून म्हैस ओळखायची सवय लावू नका. गोठ्यात जात जा."

तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणाऱ्या एका पोराला म्हणाल्या, "हे म्हणजे लग्नात वाढपी होणं. सगळ्यांना वाढायचं, पंगतीला बसायला बोलावतील म्हणून वाट बघत राहायचं. दोन वर्षं वाढा. नाही बोलावलं तर पंचा टाकून निघा."

पीक विम्याच्या कामाला लागलेल्यांसाठी त्यांचं एकच. "कंपनीचा माणूस म्हणेल जास्त आलं, गावचा माणूस म्हणेल कमी आलं. दोघांचं ऐकायचं, दोघांकडचा चहा प्यायचा, आणि काटा सांगेल ते लिहायचं."

अश्विनी नावाची मुलगी होती, लोणी काळभोरची. तिला पर्यावरणाचे अहवाल लिहिणाऱ्या कंपनीत काम मिळालं. टेकडी राहिली तर तिची किंमत किती, फोडली तर किती, असा हिशोब मांडायचं काम. ती म्हणाली, "मावशी, टेकडीला किंमत लावायची म्हंजी कसं वाटतं हो? चांगलं हाय का हे काम?"

बाई म्हणाल्या, "काम चांगलं आहे. किंमत लावणारे दोन असतात. एक टेकडी राखायला लावतो, एक विकायला. तू कुणासाठी लावतेस ते पहिल्या दिवशी विचार. आणि मुख्य म्हणजे आकडा आधी काढ, साहेबाला काय हवंय ते नंतर विचार. उलटं केलंस तर माझ्याकडे पोहे खायला येऊ नकोस."

अश्विनीनं वर्षभरात ती नोकरी सोडली, दुसरी धरली. पोहे खायला येत राहिली. बाईंनी किती जणांना कुठं लावून दिलं याची मोजदाद नाही. कुणी धान्याच्या भावाचा अंदाज सांगणाऱ्या कंपनीत, कुणी शेतकरी कंपनीचा मॅनेजर, कुणी परदेशी शिकायला. सगळ्यांच्या तोंडी बाईंचं एक वाक्य. "माप खरं ठेवा, बाकी मग बघू."

तर मंगळवारी संध्याकाळी आम्ही बाईंना वैकुंठ स्मशानभूमीत नेलं. ही सगळी पोरं आली होती, चाळीस-पन्नास तरी. कुणी सोलापूर रस्त्यानं मोटरसायकल हाणत आला, कुणी ऑफिसातून तसाच. आणि सरदेसाई साहेब आले. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, पांढरा कुडता. कमरेत अजून जरा वाकडे आहेत.

आपल्याकडे माणूस आत गेला की बाहेर भाषणं होतात. ती पद्धत मला कधी आवडली नाही. साहेबांना कुणी बोला म्हणालं नव्हतं. ते उभे राहिले.

"शालिनी माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी," साहेब म्हणाले. "फार मोठी कुवत होती. पण संसारात अडकली. अभ्यासाला घरात तसं वातावरण लागतं. ते तिला मिळालं नाही. कुणाला दोष देत नाही मी." इथं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी सहीसाठी पेन उघडून बसलो होतो. ती प्रबंध घेऊन आलीच नाही. माझ्या आयुष्यातली ती एक हळहळ राहून गेली."

हात जोडून ते खाली बसले.

माझ्या अंगावर ओला पंचा. खुंटी उपटली त्या दिवशीसारखा गप्प उभा राहिलो. पण मी पोरांची तोंडं बघितली. साहेब जे माझ्याबद्दल बोलले त्याचं मला काही नाही. ड्रायव्हरच्या घरात वातावरण नव्हतं म्हणा, माझं काय जातंय? पण या पोरांना बाईंनी काय शिकवलं? हातातलं काम आकडा न बदलता पुरं करा. आणि आज ती घरी काय घेऊन जाणार? की बाईंनी स्वतःचंच काम अर्ध्यावर सोडलं. बाई आत जळत होत्या आणि बाहेर साहेब त्यांची खुंटी हलवत होते. सत्ताविसावी.

अश्विनीनं माझा कोपर धरला. "काका, हे खरं हाय?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी सात वाजता सांगतो. तुमच्या त्या मोबाईलच्या ग्रुपवर टाक. ज्याला ऐकायचं त्यानं यावं." आणि कुठं यायचं ते सांगितलं.

साहेब रोज सकाळी बागेत जातात, हे मला माहीत होतं. नऊ वर्षं त्यांना पोचवलं-आणलं आहे, त्यांच्या सवयी त्यांच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक. फिरून झालं की फाटकाजवळच्या कट्ट्यावर दहा-बारा निवृत्त माणसं बसतात. इंजिनिअर, बँकवाले, एक जज्ज. समोर दुधीचा रस विकणारी बाई बसते. सगळे रस पितात, तोंडं वाकडी करतात, आणि देशाचं कसं होणार ते बोलतात.

बाईंना हे आवडलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, "अहो, सकाळी सकाळी कशाला जाता, मेथी निवडा." माहीत आहे मला. पण त्यांना विचारायला त्या आता नाहीत. आणि एवढी वर्षं मी त्यांचं ऐकून बघितलं.

बुधवारी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, ट्रंकेतून हिरवा प्रबंध काढला आणि रिक्षा केली. फाटकापाशी अश्विनी आणि आणखी अकरा पोरं उभी होती. त्यांना म्हटलं, तुम्ही नुसतं ऐका.

साहेब मधोमध बसले होते. मला बघून काठी सावरली. "अरे नामदेव! तू? आज? काही हवं होतं का?"

"हो. ऐकायला माणसं हवी होती. तुमच्याकडे बरी जमलेली असतात."

कुणीतरी हळूच म्हणालं, "सुतकात आलेत हे."

"सुतकात कुणाच्या घरी जाऊ नये," मी म्हटलं. "बाग कुणाचं घर नाही."

मी सगळ्यांना सांगितलं मी कोण, काल कोण गेलं, आणि साहेब काल काय बोलले. साहेबांचे शब्द जसेच्या तसे. पेन उघडून बसलो होतो, तेसुद्धा. मग म्हटलं, "साहेबांचं ते पेन खरंच उघडं होतं. शाई लाल होती." आणि पान उघडून वाचलं. "भूखंड क्रमांक एक. उत्पन्न फार कमी दाखविले आहे. अहवालाप्रमाणे दुरुस्त करावे." खालची आद्याक्षरंही वाचली.

साहेबांचा चेहरा हलला. पण ते बोलण्यात कधी कमी पडले नाहीत. "नामदेव, तुझं दुःख मी समजू शकतो. पण हा शास्त्रीय विषय आहे. तुला त्यातलं..."

"मला त्यातलं कळत नाही. म्हणून मी नुसतं वाचतोय. अर्थ ही पोरं लावतील, ती यातलंच शिकलीत. आणि साहेब, मला अहो म्हणा. जीप मी कधीच जमा केली."

जज्ज होते ते पुढं वाकले, चष्मा लावला, पान बघितलं. "अक्षर तुमचं का हो, सरदेसाई?"

"इतक्या वर्षांपूर्वीचं..."

"वर्ष नाही विचारलं मी."

अश्विनी पुढं आली. "सर, तुमचा त्यो ज्वारीचा अहवाल आमाला शिकवलाय. परीक्षेत लिवलाय आमी. त्यातले प्लॉट हलवलेले व्हते?"

साहेबांनी उठायचं बघितलं. नेमकं त्याच वेळी रसवाल्या बाईनं त्यांच्या हातात ग्लास दिला, काठोकाठ भरलेला. एका हातात काठी, एका हातात रस. उठता येईना. शेजारचे बँकवाले म्हणाले, "बसा हो, घाई काय आहे. ऐकू की."

मी म्हटलं, "हलवलेले होते. एकोणिसाची खुंटी मी स्वतः उपटली, या हातानं. साहेब म्हणाले उपट, मी उपटली. त्यांचं सांगायला आलोय तर माझंही सांगून टाकतो. बाईंनी ती परत जागेवर ठोकली, आणि त्यासाठी त्यांना जन्मभर खालच्या खुर्चीवर बसवलं. घरात वातावरण नव्हतं म्हणून नाही."

साहेब ग्लासातल्या हिरव्या रसाकडे बघत होते. मला दया यायला हवी होती म्हणतात. आली नाही.

मी दुसरा शेरा वाचला. सातवी शिकलेला माणूस मी, दुसऱ्याचं हस्ताक्षर लावायला मला वेळ लागतो. जोडाक्षर आलं की अडखळतो, मागं जातो, पहिल्यापासून परत वाचतो. अश्विनी म्हणाली, "काका, मी वाचू का? लवकर व्हईल."

"नको," मी म्हटलं. "आपल्याला कुठं जायचंय?"

आणि ओळीवर बोट ठेवून सव्वीसातला तिसरा शेरा वाचायला घेतला.